गुपित ही ठेव असते



आजच्या चिंतनासाठी गीतेच्या दहाव्या अध्यायातला ३८ वा श्लोक घेतलाय. विभूतियोग. भगवंत अर्जुनाला सांगत चाललेत की मला कुठं कुठं बघायचं. या श्लोकात दंड, नीती आणि ज्ञान यांच्या जोडीला ते मौनालाही आपली विभूती म्हणतात. आणि हे मौन कुठलं? तर गुपिताच्या जागी असतं ते.

बहुतेक प्रवचनांत याचा अर्थ अध्यात्माच्या अंगानं लावला जातो. ब्रह्मज्ञान शब्दांत मावत नाही, म्हणून मौन. तो अर्थ बरोबरच आहे. पण मला आज हा श्लोक जरा खालच्या पायरीवर उभं राहून वाचायचाय. रोजच्या जगण्यातलं गुपित घेऊया. कुणीतरी विश्वासानं आपल्याला काही सांगतं. ते आपण आपल्यापाशीच ठेवतो, तेव्हा त्या न बोलण्यात देव असतो. असं वाचलं तर हा श्लोक एकदम आपल्या मोबाईलपर्यंत येतो.

विषय आहे समुपदेशन, म्हणजे काउन्सेलिंग, आणि तिथं बोललेली गोष्ट तिथंच राहण्याचा. आपल्यातले बरेच जण आता थेरपी घेतात किंवा घ्यावी का असा विचार करतात. भक्ती आणि थेरपी यांचं भांडण नाही हे आपण इथं पूर्वी बोललोय. आज प्रश्न वेगळा आहे. दुसऱ्याच्या मनातली गोष्ट आपल्या हातात आली की ती कुणाची असते?

कुणाचा रं तू?

मी पेठ वडगावचा. हातकणंगले तालुक्यातलं बाजारपेठेचं गाव, आता नगरपालिका असलेलं. आमच्याकडं अनोळखी पोराला पहिला प्रश्न नाव विचारत नाहीत. विचारतात, "कुणाचा रं तू?" आणि उत्तर दिलं की समोरच्या मावशींना तुमचं घर, भावकी, आजोळ, सगळं कळलेलं असतं. यात माया आहे. अडीनडीला हीच माणसं धावून येतात. पण याच मायेमुळं अशा गावात मानसोपचारतज्ज्ञाच्या दाराशी उभं राहणं अवघड होतं. दाढ दुखली तर वडगावातच दाखवायचं. मन दुखलं तर एसटीत बसून वीसेक किलोमीटरवर कोल्हापूरला जायचं, नाहीतर सरळ सांगली गाठायची. आणि तिथल्या वेटिंग रूममध्ये ओळखीचं कुणी दिसलं, की दोघांनीही मोबाईलमध्ये तोंड घालायचं.

डॉक्टर बोलणार नाहीत हे माहीत असतं. पण गुपित फक्त डॉक्टरांकडं नसतं. बाहेर नाव पुकारणारी रिसेप्शनिस्ट असते. चिठ्ठी वाचून गोळ्या देणारा मेडिकलवाला असतो, आणि तो तुमच्या चुलतभावाचा वर्गमित्र असतो. ऑनलाइन सेशन घ्यावं तर घरात भिंती पातळ आणि माणसं जास्त. आमच्या भागातला एक मित्र आठवड्यातून एकदा गाडी काढून उसाच्या रानाकडं जातो, बांधावर बसतो आणि इअरफोन लावून काउन्सेलरशी बोलतो. घरी सांगतो, "रेंज येत नाही, ऑफिसचा कॉल हाय."

तो खोटं बोलतो म्हणून त्याला नावं ठेवायला कुणी धजावणार नाही. त्यानं आपल्यापुरती बंद दाराची एक खोली तयार केलीय, इतकंच. अशी खोली मिळत नाही तेव्हा माणूस मदत घ्यायचंच टाळतो. गोपनीयता ही उपचारावरची सजावट नाही. ती नसेल तर उपचार सुरूच होत नाही, कारण माणूस खरं बोलतच नाही.

न उघडता सांभाळायची पेटी

आपल्या जुन्या धर्मशास्त्रात यासाठी एक सुंदर कल्पना सापडते. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात ठेवींचं प्रकरण आहे. त्यात उपनिधी नावाचा एक प्रकार येतो. कुणीतरी पेटीत काहीतरी बंद करून, आत काय आहे हे न सांगता, तुमच्या हवाली करतं. तुमचं काम एवढंच की ती जशी दिली तशीच परत करायची. या स्मृतीवर विज्ञानेश्वरांनी चालुक्यांच्या कल्याणी नगरीत मिताक्षरा ही टीका लिहिली, आणि पुढं कित्येक शतकं देशाच्या मोठ्या भागात वारशाचे वाद तिच्या आधारे सुटले.

तिथं विषय सोन्यानाण्यांचा आहे, हे मला माहीत आहे. पण समुपदेशकाच्या खोलीत हीच गोष्ट घडते. येणारा आपली पेटी तिथं ठेवतो. फरक इतकाच की इथं पेटी उघडून दाखवावी लागते, त्याशिवाय मदत होत नाही. म्हणून जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. आत काय आहे हे आता सांभाळणाऱ्याला माहीत असतं, तरीही ते त्याचं होत नाही.

माझं आजचं म्हणणं सगळं या एका वाक्यात आहे. ऐकलेलं गुपित आपल्याला कळतं, पण आपलं होत नाही. एकदा हे पटलं की बाकीचे प्रश्न बदलतात. "हे खरं आहे का?" हा प्रश्न पुरत नाही, कारण ठेव खरी सोन्याची असली तरी ती वाटून टाकायचा हक्क मिळत नाही. "माझा हेतू चांगला आहे ना?" हाही पुरत नाही. शेजाऱ्याची ठेव मी देवळाला दान केली तर हेतू उत्तम असेल, पण दान माझं नाही. विचारायचा प्रश्न एकच : हे कुणाचं आहे, आणि त्यानं मला परवानगी दिलीय का?

मुंबईतली एक गोष्ट

हेतू चांगला असताना काय होतं याचं उदाहरण आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. १४ जून २०२० ला अभिनेता सुशांतसिंह राजपूत मुंबईत गेला. पुढचे कित्येक महिने त्याच्या आयुष्यातलं काहीही खाजगी राहिलं नाही. औषधांच्या चिठ्ठ्या पडद्यावर आल्या, व्हॉट्सॲपवरचे संवाद वाचून दाखवले गेले. मग ऑगस्टमध्ये त्याच्यावर उपचार केलेल्या एका थेरपिस्टनं पत्रकाराला निवेदन दिलं आणि त्याच्या आजाराचं नाव जाहीरपणे सांगितलं. त्यांचं म्हणणं असं की खोट्यानाट्या गोष्टी पसरताहेत, एका मुलीवर चिखलफेक चाललीय, अशा वेळी बोलणं हे माझं कर्तव्य आहे.

त्यांच्या हेतूवर शंका घ्यायचं मला काही कारण दिसत नाही. त्या दिवसांत गप्प बसणं सोपं नव्हतं. तरी मला वाटतं ते बोलायला नको होतं. निदान कॅमेऱ्यासमोरच्या जगाशी नको होतं. चौकशी चालू होती. तपास यंत्रणेनं रीतसर विचारलं तर रीतसर सांगणं ही वेगळी वाट आहे. तिथं ऐकणाऱ्याला विचारायचा अधिकार असतो, आणि सांगितलेलं कागदावर, मर्यादेत राहतं. जाहीर निवेदनात यातलं काहीच नसतं.

यावर एक खरा आक्षेप आहे. माणूस गेल्यावर गुपित कुणाचं? तो तर परवानगी द्यायला नाही. पण ठेवीचा मालक गेला म्हणून ठेव सांभाळणाऱ्याची होत नाही. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं : ते निवेदन फक्त गेलेल्या माणसाबद्दल नव्हतं. ते टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येक जिवंत माणसानं ऐकलं, जो उद्या सकाळी कुणाला तरी फोन करावा का असा विचार करत होता. त्याला काय कळलं? की मी जे बोलेन ते माझ्या मागं बाहेर येऊ शकतं.

मुंबई उच्च न्यायालयानं १८ जानेवारी २०२१ ला मीडिया ट्रायलबद्दल निकाल दिला. आत्महत्येच्या बातमीत मृत व्यक्तीला दुबळ्या मनाची म्हणून रंगवणं किंवा तिच्या खाजगीपणात घुसणं टाळावं, असं त्यात सांगितलंय. म्हणजे गेलेल्या माणसाचा खाजगीपणाही सांभाळायचा असतो, हे न्यायालयानं मानलं.

आपल्याकडं कायदाही स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. कलम २४ म्हणतं की उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायची नाही. कलम २५ नुसार स्वतःचे वैद्यकीय कागद बघायचा हक्क रुग्णाला आहे. बघा, तिन्ही कलमांत मालक एकच आहे.

रथातलं बोलणं

आता महाभारताकडं येऊ. उद्योगपर्व. शिष्टाई फिसकटलीय, कृष्ण हस्तिनापुरातून निघालेत. जाताना ते कर्णाला आपल्या रथात घेतात आणि सांगतात की तू कुंतीचा मुलगा आहेस, पांडवांचा थोरला भाऊ आहेस, चल माझ्याबरोबर.

इथं थोडं थांबा. कृष्णांना हे गुपित आधीपासून माहीत आहे. ते युधिष्ठिराकडं जाऊन सांगू शकले असते. दुर्योधनाच्या भर सभेत जाहीर करू शकले असते, सगळा डाव एका वाक्यात उलटला असता. त्यांनी ते केलं नाही. ज्याच्या जन्माचं ते गुपित आहे, त्यालाच त्यांनी आधी सांगितलं. एकांतात.

कर्ण नकार देतो. ज्यांनी वाढवलं त्यांना आणि ज्यानं मान दिला त्याला मी सोडणार नाही, म्हणतो. आणि मग कृष्णांकडं एक मागणं मागतो : आपलं हे बोलणं आपल्यातच राहू दे. युधिष्ठिराला कळलं तर तो राज्य घेणार नाही, माझ्यापुढं ठेवेल, आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकेन.

कृष्णांनी ते मागणं पाळलं. युद्ध झालं, कर्ण अर्जुनाच्या हातून पडला, तरी पांडवांना ते कळलं नाही. कळलं ते युद्धानंतर, मृतांना जलांजली देताना, आणि सांगितलं कुंतीनं. युधिष्ठिर कोसळला. व्यासांनी त्याचं दुःख लपवलेलं नाही. भावानं भावाला मारलं, आणि एका शब्दानं ते कदाचित टळलं असतं, हा सल तो पुढं शांतिपर्वातही वागवतो.

म्हणजे गुपित पाळण्याची किंमत असते. कधी ती फार मोठी असते. महाभारत ती किंमत दाखवतं आणि तरीही कृष्णांना बोलकं करत नाही. मला यातून असं दिसतं की "मी सांगितलं तर सगळ्यांचं भलं होईल" हा हिशेब आपण वाटतो तितका पक्का नसतो. युधिष्ठिराला सांगून युद्ध थांबलं असतं असं आपण सहज म्हणतो. पण राज्य दुर्योधनाच्या हाती गेलं असतं, हे कर्णाला दिसत होतं. ज्याचं गुपित असतं त्याला त्याचे परिणाम बाहेरच्यापेक्षा बरेचदा जास्त नीट कळतात.

आणि एक गंमत. हा रथातला संवाद आपल्याला कळतो कसा? संजय तो धृतराष्ट्राला सांगतो! म्हणजे दोघांनी पाळलं, पण सिस्टीममध्ये तिसरा ॲक्सेस होताच. त्याच्याकडं पुढं येतो.

मग कधीच बोलायचं नाही?

नाही, असं नाही. जीव धोक्यात असेल तर गोष्ट बदलते.

१९६९ साली अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमध्ये एका भारतीय विद्यार्थ्यानं आपल्या मानसोपचारकाला सांगितलं की मी एका मुलीला मारणार आहे. मानसोपचारकानं कॅम्पस पोलिसांना कळवलं. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं आणि ठीक वाटला म्हणून सोडून दिलं. पण त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कुणीच सावध केलं नाही, आणि ती मारली गेली. तरसॉफ खटला म्हणून हे प्रकरण जगभर शिकवलं जातं. १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की समोर धोक्यात असलेली व्यक्ती दिसत असेल तर तिला वाचवण्यासाठी वाजवी पावलं उचलणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे.

आपल्या २०१७ च्या कायद्यातही अपवाद आहेत. दुसऱ्याला इजा होण्यापासून वाचवायचं असेल, जिवाला धोका असेल, उपचारासाठी दुसऱ्या तज्ज्ञाला सांगणं गरजेचं असेल, मंडळाचा किंवा उच्च अथवा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश असेल, तर माहिती देता येते. पण इजा टाळण्यासाठी दिली तर तेवढ्यापुरतीच द्यायची. हा "तेवढ्यापुरतीच" शब्द मला फार आवडतो. घराला आग लागली तर ठेवीची पेटी बाहेर काढावी लागते. म्हणून ती चौकात उघडून दाखवावी लागत नाही.

आपल्यापैकी कुणी थेरपिस्ट नसेल, पण मित्र तर आहोत. मित्रानं रात्री दोनला मेसेज केला की मला आता जगायचं नाही, आणि पुढं लिहिलं "कुणाला सांगू नकोस", तर सांगायचं. त्याच्यापाशी लगेच पोचू शकेल अशा एका माणसाला सांगायचं. त्यालाही सांगायचं की मी सांगतोय आणि का सांगतोय. कॉलेजच्या ग्रुपवर टाकायचं नाही. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू, मोफत, चोवीस तास. तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

याची उलट बाजूही महाभारतात आहे. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतात. नेहमी खरंच बोलायचं हे त्याचं व्रत. काही माणसं जीव वाचवायला त्याच्याजवळच्या रानात लपली. मागून दरोडेखोर आले, त्यांनी विचारलं, आणि यानं जागा दाखवली. माणसं मारली गेली. कौशिकाला त्या सत्याचं पुण्य मिळालं नाही, तो नरकात गेला. जीव वाचवायला बोलावं लागतं, आणि जीव वाचवायलाच कधी गप्प राहावं लागतं. दोन्हीकडं कसोटी समोरचा माणूस आहे. आपलं "मी तर खरं बोलणारा" हे बिरुद मध्ये आणायचं नाही.

चोर, आग आणि हात मारणारा

आता माझ्या धंद्याची गोष्ट. याज्ञवल्क्य ठेवीबद्दल असंही सांगतात की राजानं नेली, दैवानं गेली किंवा चोरांनी नेली तर सांभाळणाऱ्यावर ती भरून द्यायचा बोजा नाही. पण त्यानं स्वतःच्या मर्जीनं ती वापरून फायदा घेतला तर त्याला दंड आहे. सॉफ्टवेअरवाल्यानं हे दोन नियम भिंतीवर लिहून ठेवावेत.

फिनलंडमध्ये वास्तामो नावाची थेरपी केंद्रांची मोठी साखळी होती. ऑक्टोबर २०२० मध्ये उघड झालं की तिचा रुग्णांचा डेटाबेस चोरीला गेलाय, सुमारे ३३ हजार माणसांचा, आणि त्यात सेशनच्या नोंदीही. चोरानं आधी कंपनीकडं खंडणी मागितली. मग एकेका रुग्णाला ईमेल केला : बिटकॉइनमध्ये पैसे दे, नाहीतर तू थेरपिस्टला जे सांगितलंस ते सगळं जग वाचेल. पुढच्या वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. चोरी होती खरी. पण तो डेटाबेस इंटरनेटवर जवळजवळ उघडाच ठेवलेला होता. दार सताड उघडं टाकून "चोरांनी नेली" म्हणता येत नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपी कंपनीचं. तिथल्या सरकारी व्यापार आयोगानं आरोप केला की खाजगी राहील असं सांगून घेतलेली माहिती कंपनीनं फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या कंपन्यांना जाहिरातीसाठी दिली. कंपनीनं चूक कबूल केली नाही, पण २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर द्यायला तयार झाली. इथं चोर बाहेरून आलेला नव्हता. आरोप होता तो सांभाळणाऱ्यानंच ठेवीत हात घातल्याचा.

आम्ही इंजिनिअर एक तत्त्व शिकतो : ज्याला कामापुरतं जेवढं लागतं तेवढाच ॲक्सेस. अकाउंट्सवाल्याला बिलाची रक्कम दिसावी, सेशनची नोंद दिसू नये. मागं सांगितलेला संजय आठवा. प्रत्येक सिस्टीममध्ये एक संजय असतो, ज्याला सगळं दिसतं. बॅकअप बघणारा, सपोर्टवाला, टेस्टिंगसाठी खरा डेटा कॉपी करून घेणारा. त्याला काय दिसायला नको हे डिझाइन करतानाच ठरवायचं असतं. कारण एकदा दिसल्यावर "कुणाला सांगू नको" एवढाच काय तो आधार उरतो.

आणि नाव काढलं म्हणजे झालं, हाही भ्रम आहे. समजा कंपनीनं कर्मचाऱ्यांसाठी काउन्सेलिंग ठेवलं आणि एचआरला रिपोर्ट गेला : "सात जणांच्या टीममधल्या एकानं या महिन्यात चार सेशन घेतली." नाव कुठंच नाही. पण त्या महिन्यात दर गुरुवारी चारला कोण उठून जात होतं हे टीमला माहीत असतं. आकडा लहान झाला की निनावी काही उरत नाही. आमचं वडगाव असाच लहान आकडा आहे. "चाळिशीतल्या शिक्षिका, नवरा सैन्यात, मुलगी पुण्याला" एवढं म्हणा, कट्ट्यावरचं कुणीही घर दाखवेल.

म्हणूनच रील्सवर "परवा माझ्याकडं एक क्लायंट आली होती" म्हणून सुरू होणाऱ्या गोष्टींनी मला धास्ती वाटते. ती क्लायंट ते रील बघत असेल तर?

आणि आपण?

इथपर्यंत डॉक्टर, कंपन्या, चॅनेल यांच्याबद्दल बोललो. सोपं होतं. आता आपल्या सत्संगाबद्दल.

आपल्या ग्रुपवर असे मेसेज येतात : "अमुक ताईंच्या मुलाला डिप्रेशन आलंय, दोन वर्षं गोळ्या चालू आहेत, लग्न मोडलं, सर्वांनी आज एक माळ करावी ही विनंती." भाव शुद्ध असतो. खाली दोनशे हात जोडलेले. पण ताईंनी हे एका गुरुभगिनीला रडत रडत सांगितलेलं असतं. त्या मुलाला तर विचारलेलंही नसतं. आता दोनशे घरांत ते माहीत आहे. पुढं कुणी त्या मुलाच्या स्थळाची चौकशी केली की तोच मेसेज, हात जोडलेले काढून टाकून, परत फिरणार आहे.

प्रार्थना करायला मी नको म्हणत नाही. मी म्हणतो, नाव कशाला? आपण ज्याच्यापुढं माळ ओढतो त्याला नाव माहीत आहे. पत्ता, आजार, गोळीचा डोसही माहीत आहे. नाव लागतं ते आपल्याला, देवाला नव्हे. "एका जिवासाठी आज एक माळ" एवढं पुरतं. ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत ती पोचते, आणि बाकी कुणापर्यंत काहीच पोचत नाही.

कीर्तनकार, प्रवचनकार, ज्येष्ठ साधक यांच्यापाशी आपली माणसं मन मोकळं करतात. बऱ्याच जणांसाठी तेच पहिले समुपदेशक असतात, काउन्सेलरकडं ती कधी जाणारही नाहीत. त्यांच्यावर कुठलं कलम २३ नाही. तिथं कायदा नाही म्हणूनच धर्म जास्त लागतो. दृष्टांत म्हणूनसुद्धा ती गोष्ट व्यासपीठावर येऊ नये. सांगणारा समोरच सतरंजीवर बसलेला असतो.

थेरपी सुरू करणाऱ्यांसाठी चार साधे प्रश्न. पहिल्याच भेटीत विचारा, चांगल्या काउन्सेलरला राग येत नाही. एक, माझ्या नोंदी कुठं राहतात आणि कोण बघू शकतं? दोन, कोणत्या परिस्थितीत तुम्ही माझी गोष्ट दुसऱ्याला सांगाल? तीन, घरच्यांनी किंवा कंपनीनं विचारलं तर काय उत्तर द्याल? चार, माझी गोष्ट लेखात, रीलमध्ये, ट्रेनिंगमध्ये वापरणार असाल तर आधी मला विचाराल ना? दुसऱ्या प्रश्नाला "कधीच कुणाला नाही" असं उत्तर आलं तर सावध व्हा. खरं उत्तर अपवादांसकट असतं. आणि बोर्डावर काउन्सेलर लिहिलंय म्हणून प्रत्येक जण प्रशिक्षित असतोच असं नाही, तेही विचारून घ्या.

आजची साधना छोटी आहे. रात्री झोपण्यापूर्वी एकदा आठवा, दुसऱ्यांच्या किती पेट्या आपल्यापाशी आहेत. मित्राची, बहिणीची, ऑफिसमधल्या कुणाची. एकेक आठवा, उघडू नका, आणि त्या प्रत्येकासाठी मनातल्या मनात एकदा नाम घ्या. उद्या कुणी विचारलं, "काय रे, त्याचं काय चाललंय म्हणे?" तर म्हणा, "त्यालाच विचार की." एवढं म्हणता आलं तर दहाव्या अध्यायातलं ते मौन आपल्या तोंडी आलं असं समजायला हरकत नाही.

कमेंटमध्ये आपले विचार जरूर लिहा. फक्त दुसऱ्या कुणाची गोष्ट लिहू नका.

श्रीकृष्णार्पणमस्तु.